दिव्यांना टोप्या घालणारी माझी जाऊ

आमच्या गावात कुणी घराबाहेर नवा दिवा लावायला काढला की शेजारचं कुणीतरी हमखास विचारतं, "वंदनावैनीचा नियम ठाऊक हाय न्हवं?" नियम खरं तर ग्रामसभेचा आहे. ठरावावर सरपंचांची सही आहे, खाली गावाचे अंगठे आहेत. पण गावाच्या तोंडी तो वंदनाचाच. ती गाव सोडून बारामतीला जळोचीत राहायला गेली, तरी तो तिचाच राहिला. मी इथंच आहे, त्याच चौकात, त्याच दिव्यासमोर. मला कुणी विचारत नाही.

वंदना माझी धाकटी जाऊ. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या पलीकडं. तिचं माहेर बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीचं. ती या घरात आली तेव्हा मला येऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाई नव्हत्या. मी बी. ए. झालेली, घराचं सगळं पाहणारी. आपला शब्द घरात जरा जड झालाय असं मला वाटायला लागलं होतं. वंदना आली, आणि पहिल्याच आठवड्यात आबा, म्हणजे आमचे सासरे, ओट्यावरून हाक मारायला लागले, "वंदे, च्या टाक गं."

चहा ती वाईट करायची. पाण्याला उकळी यायच्या आत पावडर टाकायची, साखर विसरायची. आबा कप तोंडाला लावायचे, तोंड वाकडं करायचे, "ह्यो च्या हाय का जनावराचं औषध?" म्हणायचे आणि संध्याकाळी पुन्हा तिलाच हाक मारायचे. माझ्या चहाला ते "बरा हाय" म्हणायचे. बोलणं तिथं संपायचं. तिच्या चहावर अर्धा अर्धा तास बोलणं चालायचं.

दिसायला ती माझ्यापेक्षा फार उजवी होती असं नाही. पण बोलताना समोरच्याच्या मनगटावर हात ठेवायची. ज्याच्या मनगटावर हात, तो तिचा. भाजीवाली असो, बँकेतला साहेब असो, नाहीतर पाणी सोडणारा शिवा असो. सगळ्यांशी तिचं काहीतरी नातं निघायचं. "तुमी माळेगावचे? मंग माझ्या मावशीच्या नंदंचं सासर तितलंच की!" म्हणायची. मी शिवाला रीतसर सांगितलं की नळाला पाणी दुसऱ्या दिवशी यायचं. तिनं नुसतं "शिवादादा, आंघोळ राह्यली माझी" म्हटलं की तासाभरात.

बाहेर निघाली की पायात सापडेल ती चप्पल घालायची, ती बहुतेक माझी असायची. माझ्या साड्या न्यायची आणि चुकीच्या घडीवर परत आणून ठेवायची. जेवताना माझ्या ताटातलं लोणचं उचलायची. काही बोललं तर म्हणायची, "अक्का, तुमचं नि माझं काय येगळं हाय का?" माझं ते तिचं व्हायचं; तिचं ते माझं कधी झालं नाही.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. आमच्या घरातून उमेदवार द्यायचा ठरला तेव्हा मी मनातल्या मनात पहिलं भाषणसुद्धा जुळवलं होतं. शिकलेली मी, थोरली मी. बैठकीत आबा म्हणाले, "थोरलीनं घर बघावं. वंदीला उभी करा." माझे मिस्टर, राजाभाऊ, त्यांनीही मान हलवली. वंदना निवडून आली. मिरवणुकीत तिच्या अंगावर माझी अंजिरी साडी होती.

मग चौकात हायमास्ट आला, उंच खांबावरचा दिव्यांचा झुबका.

तो राजाभाऊंनी आणला. पुढाऱ्यांच्या मागे लागून, हेलपाटे घालून. आमचं घर चौकालाच लागून आहे, मागं आमचंच वावर, आणि घराच्या अंगाला गावाची पाण्याची टाकी. खांब उभा राहिला, नारळ फुटला, दिवे लागले आणि चौक लग्नाच्या मांडवासारखा पांढराफेक झाला. पोरं नाचली. राजाभाऊंचा सत्कार झाला. त्या संध्याकाळी त्यांचा चेहरा मी पाहिला. इतका सुखी चेहरा आमच्या लग्नातही नव्हता.

चार दिवसांत उजेडाची नवलाई संपली. आबा ओट्यावर झोपायचे, ते डोळ्यांवर टॉवेल टाकून पडायला लागले. मग आत झोपायला लागले, तिथं उकाडा. खिडकीला पोतं लावलं. बांधावरच्या लिंबावर कावळे भलत्या वेळी ओरडायचे. पण खांब घरच्या माणसानं आणलेला. बोलायचं कुणी? आबासुद्धा गप्प होते. वंदनाही.

त्या वर्षी घरामागं अर्ध्या वावरात शेवंती होती. लागवड वंदनाच्या हट्टानं झाली, खुरपणी मी आणि बायांनी केली. दसरा-दिवाळीला फूल निघायचं होतं. घटस्थापना जवळ आली तशी मी एका सकाळी परडी घेऊन गेले. झाडं गुडघ्याच्या वर गेलेली, हिरवीगार, दणदणीत. कळीचा पत्ता नाही. चालत चालत टाकीच्या बाजूला आले आणि थांबले. तिथं कळ्या होत्या, बऱ्याचशा उमललेल्याही. पण सगळीकडं नाही. टाकीच्या पायांच्या सरळ पट्ट्या, त्यांच्यापुढं मोठा गोल. त्याच्या बाहेर नुसता पाला. मी वर बघितलं. एका बाजूला खांब, मध्ये टाकी. रात्री टाकीची सावली जिथं पडायची, तेवढीच शेवंती फुलली होती.

घरी येऊन चहाला बसताना मी म्हटलं, "टाकीच्या सावलीत तेवढ्या कळ्या आल्यात. उजेडानं तर अडत नसंल बाकीचं?"

वंदनाचा कप हातातच राहिला. "काय म्हणता, अक्का?" एवढं बोलून ती उठली, माझी चप्पल घालून गेली.

दुपारपर्यंत तिनं कृषी सहायकाला फोन लावून विचारून घेतलं होतं. शेवंतीला कळी धरायला मोठी, सलग रात्र लागते, उजेड पडत राहिला की झाड नुसतं वाढत राहतं, असं तो म्हणाला. ऊन उतरायच्या आत तिनं अर्धा गाव डेअरीच्या गच्चीवर चढवला. वरून ते चित्र खालच्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. हिरव्या वावरात पिवळ्या फुलांनी काढलेली टाकी. पाय, पोट, वरचं झाकणसुद्धा. माणसं आ वासून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "ही तर रांगोळी झाली की!"

"रांगोळी न्हाय," वंदना म्हणाली. "जेवढी रात हितं शिल्लक राह्यली, तेवढीच फुललीया."

लोकांनी मोबाइल बाहेर काढले. माझ्याही अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी रागही आला. कारण हे बघितलं मी होतं. एवढं नीट म्हणता मात्र मला आलं नसतं. एकजण म्हणाला, पलीकडच्या वाडीत ड्रॅगन फ्रूटच्या बागांमधून लोक मुद्दाम दिवे लावतात, लवकर फूल यावं म्हणून. ते कसं मग? ती लगेच म्हणाली, "त्येला उजेड लागतोय, हिला अंधार. पिकालाबी स्वभाव असतोय की, आन्ना. आपल्या बागेत लावा, दुसऱ्याच्या वावरात नगं." सगळे हसले. त्या दिवसापासून ती "वंदनावैनीची टाकी" झाली. फोटो गावभर फिरले. पेपरवाला आला. गच्चीवर उभी असलेली वंदना छापून आली, माझ्या अंजिरी साडीत.

"अक्कांनी दाखवलं" असं ती कुठंही म्हणाली नाही. तिला लपवायचं होतं असंही मला वाटत नाही. तिच्या लक्षातच नसावं. ते मला जास्त लागलं.

ग्रामसभेत तिनं विषय मांडला. खांब काढायचा नाही, पण दिव्यांना वरून टोप्या बसवायच्या, म्हणजे उजेड खाली रस्त्यावर पडेल. रात्री वर्दळ संपली की हायमास्टचे निम्मे दिवे बंद. जत्रा, मयत, आजारपण असेल तर सगळे चालू. कुणाच्या घरावरचा फोकस दुसऱ्याच्या दारात किंवा वावरात जाणार नाही. नवा दिवा लावताना पिवळसर लावायचा. ती बोलत होती आणि लोक खुसखुसत होते. "वैनी गावाला टोपी घालायला निघाल्या," कुणीतरी मागून म्हणालं.

राजाभाऊ उठले. घरात वंदना त्यांच्यासमोर आवाज चढवत नसे, डोक्यावरचा पदर सावरून आत जायची. ते तिच्याकडं न बघता सरपंचांना म्हणाले, "गावाला उजेड मी आणला. त्यो झाकायला माझ्याच घरचं माणूस उठलंय. उद्या लोक मला काय म्हणतील?"

वंदनाही सरपंचांकडंच बघून बोलली. "दादांनी खांब आणला म्हणून पावसाळ्यात चौकातनं चालता आलं. त्यांचं नाव कुठं जात न्हाय. उजेड रस्त्यावं पडू द्या, आबांच्या डोळ्यावं नगं, एवढंच."

तेवढ्यात नामदेवतात्या उभे राहिले. वयस्क माणूस, मळ्यात राहणारे. बिबट्यानं त्यांची गाभण शेळी गोठ्यातून उचलून नेली होती. "तुमी खुशाल फुलं लावा," ते म्हणाले. "माझी शेळी गेली. उजेड कमी करा, पुढच्या येळी माझा नातू जाईल." सभा एकदम त्यांच्या बाजूला गेली. आजूबाजूला सगळा ऊस, बिबट्याची भीती घराघरात. वंदनाला पहिल्यांदाच बोलता येईना. विषय पुढच्या सभेवर ढकलला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती म्हणाली, "अक्का, चला. तात्यांकडं जाऊ." तिला एकटीला कुठं जायला आवडत नसे, आणि मला नाही म्हणता येत नसे. आम्ही मळ्यात गेलो. दिव्यांचं तिनं नावच काढलं नाही. रिकाम्या दाव्यापाशी बसली आणि शेळीची चौकशी केली. कितव्यांदा गाभण होती, दूध किती द्यायची, नाव काय. तात्यांच्या मंडळींनी डोळ्यांना पदर लावला. बराच वेळ गेल्यावर वंदनानं गोठ्याच्या आढ्याला लावलेल्या फोकसकडं बघितलं.

"तात्या, त्या दिशी ह्यो दिवा चालू होता?"

"व्हता की. लख्ख."

"मंग आवाज आल्यावं तुमी बाहेर आला, तवा दिसला का बिबट्या?"

तात्या म्हणाले, "कसा दिसंल? उजेड सरळ डोळ्यात. त्येच्या पल्याड सगळा काळोखच."

असं म्हणाले आणि स्वतःच थांबले. वंदनानं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. पुढं एक शब्द बोलली नाही. मी असते तर बोलले असते, समजावत बसले असते, आणि सगळं घालवलं असतं.

दिवेलागणीला ती शिवाला घेऊन पुन्हा मळ्यात गेली, मीही. शिवानं तेलाचा डबा कापून फोकसवर अडकवला, तोंड खाली करून. आधी डबा नसताना वंदना उसाच्या कडेला जाऊन उभी राहिली होती. अंगणातून तात्यांना दिसली नव्हती. डबा लावल्यावर तात्या ओट्यावरून ओरडले, "आगं दिसलीस! पायातली चप्पलबी दिसतीया!" चप्पल माझी होती.

पुढच्या सभेत तात्याच उठले आणि म्हणाले, "टोपी घाला." मग कुणाचं काही चाललं नाही. ठराव झाला. राजाभाऊ सही न करता निघून आले.

घरी ते वंदनाशी बोलायचे बंद झाले, मग धाकट्या भावाशी, म्हणजे वंदनाच्या नवऱ्याशी, सुरेशभावजींशीही. जेवायला बसले की तिनं वाढलेलं ताट सरकवायचे. हायमास्टवर चढून माणसं टोप्या बसवत होती त्या दिवशी ते ओट्यावर चौकाकडं पाठ करून बसले होते. तिच्या आवाजानंसुद्धा त्यांच्या कपाळाची शीर उठायची. मी त्यांच्याकडं बघायची आणि मनात यायचं, एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्यावर इतका रागावलासुद्धा नाही.

टोप्या बसल्या त्या रात्री आबा परत ओट्यावर झोपले. सकाळी उठून म्हणाले, "चांदणं दिसलं." त्यांनी राजाभाऊंकडं बघून म्हटलं होतं. राजाभाऊ उठून आत गेले.

शेवटी आबांनीच सांगितलं, दोन चुली करा. सुरेशभावजी तसेही रोज बारामतीच्या एमआयडीसीत जात होते. त्यांनी बायकापोरांसाठी जळोचीत खोल्या घेतल्या. टेम्पो भरला तेव्हा वंदना आबांच्या पाया पडली आणि रडली. मग राजाभाऊंच्या बंद दाराबाहेर उंबऱ्याला हात लावून आली. माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "अक्का, आता तुमचं राज्य." चेष्टेनं म्हणाली की मनापासून, मला अजून कळलेलं नाही.

राज्य मिळालं. पुढच्या दसऱ्याला शेवंती वावरभर फुलली. तोडणी मी केली, बाजारात मी गेले. आडत्यानं गठ्ठा उघडला आणि विचारलं, "वंदनावैनीची का?" मी व्हय म्हटलं. आबांना मी रोज चहा देते. ते बरा हाय म्हणतात, आणि मग आम्ही दोघं चौकाकडं बघत बसतो.

मध्ये एकदा जळोचीला गेले. आबांनी तिच्यासाठी हुलगे दिले होते. वसाहत वाढतेय, जुन्या शेतांत नव्या इमारती. तिच्या खोल्यांच्या मागं एक लॉन्स आहे, लग्नासाठीचं. लग्नाच्या दिवसांत तिथून आकाशात फिरणारे झोत सोडतात, ते तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरून फिरत जातात. तिनं तिथंही सुरुवात केली होती. पण जळोचीत ती कुणाची वैनी नव्हती. लॉन्सचा मॅनेजर तिला म्हणाला होता, "मॅडम, पडदे लावा." हे सांगताना ती हसली, पण हसणं नेहमीचं नव्हतं. ती बारीक झाली होती. इतकी वर्षं मला हेच बघायचं होतं, कुणीतरी तिचं ऐकत नाहीये. ते बघायला मिळालं आणि मला त्या मॅनेजरचा असा संताप आला की हातातला कप मी आपटलाच.

"मी येते तुझ्यासंगं," मी म्हटलं. "बघू कसा पडदा लावायला सांगतोय."

"आवो अक्का, तुमी कशाला? हाय की आता सोबत," ती म्हणाली.

तेवढ्यात बेल वाजली. समोरच्या इमारतीतल्या एक बाई आत आल्या, हातात हेल्मेट. बँकेतून निवृत्त झालेल्या, केस आखूड कापलेल्या. "वंदना, चल गं, नगरपरिषदेत साहेब आहेत तोवर गाठू," असं म्हणत त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि माठातलं पाणी घेऊन प्यायल्या. त्यांनी झोतांचे फोटो काढले होते, अर्ज टाइप केला होता. वंदना वाक्य सुरू करायची, त्या पुरं करायच्या.

"ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई, गावच्या," वंदनानं सांगितलं.

"हो का?" त्या माझ्याकडं बघून छान हसल्या. "बोलली नाही कधी."

मला वाटलं होतं, वंदना मला स्कूटीवरून स्टँडला सोडेल. वाटेत तिला सांगायचं होतं की आबा थकलेत, राजाभाऊ परवा जेवताना आपणहून म्हणाले होते, "सुरेशची पोरं बरी हायत न्हवं?" आणि आणखीही काही. तिनं खाली येऊन माझ्यासाठी रिक्षा थांबवली, पिशवी आत ठेवली, "पोचल्यावं फोन करा, अक्का" म्हणाली. मग धावत स्कूटीकडं गेली. ती बाई मागं बसली आणि तिनं वंदनाच्या खांद्यावर हात ठेवला.

रिक्षावाला विचारत होता, "स्टँड ना, मावशी?" मी म्हटलं, थांब जरा.

एवढी वर्षं मी वंदनाचा हेवा केला. आबांच्या हाकेसाठी, तात्यांच्या मनगटासाठी, पेपरातल्या फोटोसाठी. आता डोळे त्या आखूड केसांच्या बाईवर खिळले होते आणि छातीत तेच, अगदी तेच जळत होतं.

स्कूटी लॉन्सच्या भिंतीपर्यंत गेली. तिथं वंदनानं मान मागं वळवून काहीतरी सांगितलं, ती बाई पुढं वाकली, आणि दोघी एकदम हसल्या. मग वळण आलं.